दीड इंच आखूड

ड्युएनच्या हातातला पॉलिश पेपर अर्डिथने दोन बोटांनी काढून घेतला. तो पाच वर्षांचा असताना त्याच्या हातातली सुरी अशीच काढून घ्यायची ती, न ओरडता, न हिसकता. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, विम्याच्या कचेरीत साहेब होता, पण हात मात्र त्याने तेव्हासारखाच पाठीमागे लपवला.

"आई, मी नुसतं साफ करत होतो."

गॅरेजमधल्या टेबलावर जुन्या ब्लँकेटवर रायफल आडवी ठेवली होती. तिच्या अक्रोडाच्या दस्त्याला चाळीस वर्षांत काळसर मधासारखा रंग चढला होता. त्यात, बरोबर गाल टेकतो त्या जागी, बोटभर लांबीचा पांढुरका पट्टा उघडा पडला होता. एखाद्या रुबाबदार माणसाला भर लग्नात टक्कल पडावं तसा तो दिसत होता.

"काय साफ करत होतास?"

"डाग होता. चांगला मोठा, तेलकट. विकायची आहे ना, म्हटलं गिऱ्हाइकाला जरा..."

"तो डाग नव्हता, ड्युएन. तो माझा गाल होता."

ड्युएनने पट्ट्याकडे पाहिलं, मग आईच्या गालाकडे पाहिलं, आणि दोन्हीकडे पाहायचं सोडून तो भिंतीवरच्या बर्फाच्या फावड्याकडे पाहू लागला. त्याला खरंच माहीत नव्हतं. हॅल्वरसनांच्या घरात रायफलीला हात लावणारं माणूस एकच होतं आणि ते पाच फूट उंच होतं. त्याचा बाप लायल याला रक्त दिसलं की खाली बसावं लागे. दर ऑक्टोबरला अर्डिथ पहाटे डोंगर चढून जायची आणि लायल खाली तंबूत कांदे चिरत बसायचा. ती एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, मारून आली की तो डोळे मिटून तिचं अभिनंदन करायचा. पण त्याच एल्कचं कालवण आणि वर सफरचंदाची पाई त्याने समोर ठेवली की आसपासच्या तंबूंतले शिकारी आपापली ताटं घेऊन यायचे. लायलला जाऊन तीन वर्षं झाली होती. कांदे आता अर्डिथच चिरायची, आणि वाईट चिरायची.

वसंतात तिच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध एक करडा ठिपका येऊन बसला. ती जिकडे पाहील तिकडे तो तिच्या आधी जाऊन पोचायचा. मिझुला शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की हा आता जायचा नाही, डावा तेवढा सांभाळा. परतताना गाडीत ड्युएनने घसा साफ केला. वय, डोंगर, निसरड्या वाटा, एकटेपणा असं मोठं भाषण तो दोन दिवस मनात जुळवत होता.

"रायफल विकू या," अर्डिथ खिडकीबाहेर बघत म्हणाली.

ड्युएनचं भाषण जागच्या जागी वाया गेलं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने पुढच्या पंपावर तिला न विचारता आइस्क्रीम घेऊन दिलं. फक्त एक गोष्ट त्याला खटकत होती. घरच्या फ्रिजवर चुंबकाखाली या वर्षीचा शिकारीचा परवाना लावलेला होता.

"हा परत करता येतो का गं?" त्याने विचारलं होतं.

"का?" अर्डिथने विचारलं होतं.

*

मर्ल टॉपच्या बंदुकांच्या दुकानात शिरलं की आधी करपलेल्या कॉफीचा वास येतो आणि मग बंदुकीच्या तेलाचा. मर्ल साठीला टेकला होता, पण अर्डिथ दारातून आत आली की अजून स्टुलावर ताठ बसायचा. टॅलो क्रीकच्या शाळेची पिवळी बस तिने एकतीस वर्षं चालवली होती. गावातले अर्धे पुरुष तिने पहिल्यांदा पाहिले ते बसच्या आरशात, एकमेकांच्या टोप्या पळवताना.

"या, मिसेस एच." त्याने ब्लँकेट उलगडलं आणि त्याचा आवाज खाली आला. "स्टॅनकी."

"स्टॅनकी," अर्डिथ म्हणाली.

ऑर्विल स्टॅनकी घरामागच्या शेडमध्ये वर्षाला दोन-तीन रायफली बनवायचा. लाकूड स्वतः निवडायचा, वर्षानुवर्षं वाळवायचा, आणि गिऱ्हाईक पसंत पडलं नाही तर लाकूड अजून ओलं आहे असं सांगून त्याला वाटेला लावायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचं नाव निघालं की इथले पुरुष डोक्यावरची टोपी सरळ करतात. मर्लनेही केली. मग त्याने रायफल खांद्याला लावली, आणि तिच्यावरच्या नेमाच्या दुर्बिणीची कड टचकन त्याच्या भुवईवर बसली.

"आखूड आहे," भुवई चोळत तो म्हणाला.

"दीड इंच."

"आणि हे टक्कल कसलं?"

"ड्युएन."

"अरेरे." मर्लने रायफल ब्लँकेटवर ठेवली आणि तिच्यावर हात फिरवला. "मिसेस एच, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"बोलून बघ. चौथीत असताना बसमध्ये ओकला होतास आणि म्हणालास, कुत्र्याने केलं. बसमध्ये कुत्रा नव्हता, मर्ल."

मर्लने तो मुद्दा सोडून दिला. दस्ता आखूड, दस्त्यावर टक्कल, नळीवर ओरखडा, असे दोष मात्र त्याने एखाद्या वधूपित्याला ऐकवावेत तसे एकामागून एक ऐकवले.

"स्टॅनकी आहे, मान्य. पण तुमच्या मापाची आहे. कोटासारखं असतं हे. कापड कितीही भारी असलं तरी दुसऱ्याच्या अंगाचा कोट कोण घेतो? मी तुम्हाला दोन हजार डॉलर देतो. तेही बसची आठवण म्हणून."

"बसची आठवण तुला दोन हजारांची असेल असं वाटलं नव्हतं."

"माझंच बघा की." मर्लने वर बोट दाखवलं. छताजवळच्या सगळ्यात उंच खुंट्यांवर आणखी एक रायफल आडवी होती. तिच्यावर धूळ होती, आणि दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवरची शाई पिवळी पडली होती: ४५००. "तीही स्टॅनकीच. दातांचे डॉक्टर होते ना बिलिंग्जचे, डावखुरे, त्यांची. काडतूस आत लोटायचा बोल्ट डाव्या बाजूला. चार वर्षं झाली लटकतेय. येणारा प्रत्येक जण वर बघतो, उसासा टाकतो आणि काडतुसांचा एक डबा घेऊन घरी जातो."

अर्डिथनेही वर पाहिलं. उसासा मात्र टाकला नाही.

"ऑनलाइन लिलावात लाव," ती म्हणाली. "तुझा परवाना आहे, तुझं खातं आहे. तुझं जे काय कमिशन असेल ते घे."

या देशात बंदूक पोस्टाने घरपोच जात नाही. परवान्याच्या दुकानातून निघून परवान्याच्या दुकानात जाते, त्यामुळे मर्लला टाळून पुढे जायची सोयच नव्हती. मर्लने कॉम्प्युटर पुढे ओढला, टोपी मागे सरकवली आणि तो एकदम तज्ज्ञ झाला.

"हे बघा. बोली एका सेंटपासून सुरू करायची. लोक गंमत म्हणून येतात आणि हट्टाने थांबतात. दुसरं, दस्त्याला मागे लाकडाचा तुकडा जोडून लांबी वाढवू. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं." त्याने दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली. "'दिवंगत पतीच्या संग्रहातून.'"

"लायलच्या संग्रहात पाईची तीन भांडी होती."

"अहो, ते कोण बघतंय! विधवा विकतेय म्हटलं की गिऱ्हाइकं तुटून पडतात. त्यांना वाटतं, बाईला काय कळतंय किमतीतलं. एका विधवेला लुबाडायला दहा जण आले की त्यांच्या आपापसातल्या चुरशीनेच भाव चढतो. निम्मा धंदा याच्यावर चालतो, मिसेस एच. मी स्वतः तीन वेळा लुबाडायला गेलोय आणि तिन्ही वेळा जास्त पैसे देऊन आलोय."

"ज्यांना लुबाडायचंय त्यांनी मला माझ्या नावाने लुबाडावं. खोड ते."

मर्लने खोडलं. खोडताना त्याच्या चेहऱ्यावर पैसे जळताना बघणाऱ्या माणसाचं दुःख होतं.

"मी सांगते, तू लिही," अर्डिथ म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसमध्ये सूचना द्यायच्या आवाजात सांगू लागली. "'रायफल माझी आहे. ऑर्विल स्टॅनकीने १९८४ साली माझ्या हाताला टेप लावून बनवली. नवऱ्याला विचारून ये असं न म्हणणारा तो पहिला दुकानदार. दस्ता दीड इंच आखूड आहे, कारण मी आखूड आहे. नळीवरचा ओरखडा तारेच्या कुंपणाचा आहे. कुंपण दुसऱ्याचं, चूक माझी. दस्त्यावरचा पांढरा पट्टा माझ्या मुलाने प्रेमाने केला आहे. बाकी सगळं मी केलेलं आहे. दर ऑक्टोबरला वापरली. शोभेला ठेवली नाही.'"

मर्लची बोटं थांबली. "'मी आखूड आहे' एवढं काढू का?"

"ठेव."

"आणि सुरुवातीची बोली?"

"साडेचार हजार."

"छुपी किमान किंमत?"

"छुपं काही नाही. सुरुवातच साडेचार हजार. त्याच्या खाली कोणी तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे दुकान उघडायचं आणि दाराला आतून कडी घालायची!" मर्लने दोन्ही हात वर केले. "हा आकडा आणला तरी कुठून तुम्ही?"

"दिसला," अर्डिथ म्हणाली आणि कोट चढवू लागली. बटणं ती डाव्या हाताने लावत होती. त्याला वेळ लागत होता, पण मर्लने मदतीला हात पुढे केला तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो परत चौथीत गेला.

*

पहिले काही दिवस बोली आली नाही. प्रश्न मात्र रोज आले. मर्ल ते फोनवर वाचून दाखवायचा आणि अर्डिथ स्वयंपाकघरातून उत्तरं सांगायची. मर्ल ती शब्दशः टाकायचा, कारण एकदा त्याने त्यात थोडी साखर घातली होती आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.

'ग्रिझली बाप' असं नाव घेतलेल्या एकाने विचारलं: "ताई, आपल्या मिस्टरांनी या नळीतून साधारण किती गोळ्या झाडल्या, कुणाला माहीत असेल का?"

उत्तर: "मिस्टरांनी एकही नाही. मी बाराशेच्या आसपास. मिस्टर असते तर त्यांनी तुम्हाला पाईच्या पारीत थंड लोणी का घालतात ते सांगितलं असतं. तेही मला विचारा, थोडं माहीत आहे."

दुसऱ्याने विचारलं, दस्ता एवढा आखूड आहे, तर ही लहान मुलांची रायफल आहे का.

उत्तर: "नाही. लहान बाईची आहे. एल्कने कधी तक्रार केली नाही."

तिसऱ्याने कळवलं की पॉलिश पेपर मारून तुम्ही या वस्तूचा खून केला आहे आणि मला रात्री झोप लागलेली नाही. त्याला अर्डिथने उत्तर दिलं: "माझ्या मुलालाही लागलेली नाही. तुम्ही दोघं बोला." ड्युएनचा फोन नंबर मात्र तिने देऊ दिला नाही.

ग्रिझली बाप पुन्हा आला. उद्याच्या उद्या रोख दोन हजार देतो, लिलाव बंद करा, एकट्या बाईला हा ताप कशाला, असं त्याने मायेने लिहिलं. उत्तर: "ताप मला नाही. तुम्हालाच चढलेला दिसतो."

मग एक प्रश्न असा आला की मर्लने तो दोनदा वाचला. 'नॉर्थफोर्क' नावाने कोणीतरी विचारलं होतं: "बोल्ट ओढताना गाल उचलावा लागतो का? पट्टा परत घासू नका, कृपा करून. मी उंच नाही."

अर्डिथने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"लिही," ती म्हणाली. "'गाल उचलावा लागत नाही. त्याने तसंच बनवून दिलंय...' नाही, थांब. 'स्टॅनकीने तसंच बनवून दिलंय.' एवढंच. आणि मर्ल, साखर घालू नकोस."

इकडे ड्युएनला वेगळीच काळजी लागली होती. शनिवार-रविवार तो आईकडे राहायला यायचा आणि जे दिसायचं त्याने घाबरायचा. आई सूप डाव्या हाताने पीत होती. निम्मं सूप चमच्यातून टेबलावर जात होतं, तरी ती हात बदलत नव्हती. दात डाव्या हाताने घासत होती. काडी डाव्या हाताने पेटवताना तिने पडद्याची झालर जाळली. समोरच्या मिसेस ब्योर्कने त्याला फाटकाशी गाठून हळूच सांगितलं की तुझी आई दुपारी झाडू खांद्याला लावून भिंतीवरच्या घड्याळापुढे ताटकळत उभी असते. माशी आहे की कोळी, देव जाणे.

ड्युएनने इंटरनेटवर पक्षाघाताची लक्षणं वाचली आणि त्याच संध्याकाळी आईला खुर्चीवर बसवलं.

"आई, हस बघू."

"कशाला?"

"हस गं. आता दोन्ही हात वर कर."

अर्डिथने बँकेवर दरोडा पडल्यासारखे दोन्ही हात वर केले. डावा उजव्यापेक्षा काकणभर वरच होता.

"आता एक सोपं वाक्य म्हण."

"ड्युएन, तू गाढव आहेस."

वाक्य स्पष्ट होतं, जीभ अडखळली नव्हती. ड्युएनला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

"मग हे डाव्या हाताचं काय चाललंय?"

"उजवा बहात्तर वर्षं राबलाय," अर्डिथ म्हणाली. "याला जरा कळू दे."

*

लिलाव रविवारी संध्याकाळी सात वाजता संपणार होता. ती वेळ मर्लने ठरवली होती. त्याच्या मते रविवारी त्या वेळेपर्यंत चर्च झालेलं असतं, जेवण झालेलं असतं, टीव्हीवरचा सामना हरलेला असतो, आणि पुरुषाच्या हातून पैसे सुटायला त्याहून चांगली घडी आठवड्यात नाही.

स्वयंपाकघराच्या टेबलावर ड्युएनचा लॅपटॉप उघडा होता. अर्डिथ त्याच्याकडे डावा खांदा करून, तिरकी बसली होती. स्क्रीनवर रायफलीचा फोटो होता, पांढऱ्या पट्ट्यासकट, आणि खाली बोलीच्या जागी शून्य. ही रायफल पाहून ठेवणाऱ्यांचा आकडा मात्र दोनशेच्या वर गेला होता.

"बघायला सगळे आलेत," ड्युएन हळूच म्हणाला.

"माझ्या लग्नातही तसंच झालं होतं."

"आई, किंमत थोडी कमी केली असती तर? तीन हजार? या पैशांवाचून काही अडलेलं नाही आपलं."

"तुझं नाही."

"मग तुझं काय अडलंय?"

अर्डिथने त्याच्यापुढे सूप सरकवलं. सातला अठरा मिनिटं कमी असताना शून्याच्या जागी एक आला. साडेचार हजार डॉलर. बोली लावणाऱ्याचं नाव 'क्लॅरिनेट८८'.

"आली!" ड्युएन ओरडला. जरा जास्तच ओरडला.

अर्डिथने स्क्रीनकडे पाहिलं. मग ड्युएनकडे पाहिलं. ड्युएन सूपकडे पाहत होता आणि त्याचा एक हात टेबलाखाली होता.

"काढ," ती म्हणाली.

"काय काढ?"

"बोली. या घरात क्लॅरिनेट एकाच माणसाने वाजवलंय, आणि तेही अठ्ठ्याऐंशी साली, आणि तेही वाईट."

ड्युएनने फोन टेबलावर आणून ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "मी ती खराब केली ना. आणि तू रोज तिकडे बघत बसतेस. कोणी आलंच नाही तर... म्हटलं, निदान तुला कळू नये..."

"काय कळू नये?"

अर्डिथने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डावाच, आणि तो तिथे असतानाच उजव्या हाताने मर्लला फोन लावला.

"मर्ल, ती बोली रद्द कर."

"मिसेस एच, अहो, एवढी एकच बोली आहे!"

"ती माझ्या मुलाची आहे."

"मग तर फारच चांगलं! घरातले पैसे घरात."

"घरातल्या घरात विकायची असती तर तुझी करपलेली कॉफी प्यायला आले असते का मी? रद्द कर."

"नंतर मला दोष देऊ नका."

"कुत्र्याला देईन."

एकाच्या जागी परत शून्य आलं. ड्युएनने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. अर्डिथने तो बाजूला सारला. घड्याळाचा काटा बारावर यायला फार उरलं नव्हतं. तिने सूपचा चमचा उचलला, भरला आणि ओठांपर्यंत नेला. एक थेंबही सांडला नाही. ड्युएनच्या ते लक्षात आलं, पण का लक्षात आलं ते त्याला कळलं नाही.

सातला दोन मिनिटं कमी असताना साडेचार हजारांची बोली पडली. नॉर्थफोर्क.

लगेच ग्रिझली बाप आला, चार हजार सहाशे. रोख दोन हजारांचा माणूस.

"तो मायाळू," अर्डिथ म्हणाली.

त्या साइटचा नियम असा की शेवटच्या घटकेला कोणी बोली लावली तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकतं, आणि मधली पंधरा मिनिटं सगळे गप्प बसले तरच सौदा पक्का होतो. त्यामुळे सात वाजले, सव्वासात वाजले, तरी सात काही संपेनात. पाच हजार. पाच हजार दोनशे. ग्रिझली बाप दर वेळी चौदा मिनिटं थांबून, दबा धरून यायचा आणि नॉर्थफोर्क त्याला श्वास घ्यायला वेळ न देता उत्तर द्यायचा. मध्येच ग्रिझली बापाने प्रश्न विचारायच्या जागेत लिहिलं की लहान मुलांच्या साध्या रायफलीसाठी एवढी खुमखुमी बरी नाही. नॉर्थफोर्कने त्याला उत्तर म्हणून फक्त पुढची बोली लावली. ड्युएन उभा राहून बघत होता. त्याला विमा विकताना अशी माणसं कधी भेटली नव्हती.

पाच हजार आठशे पन्नासवर ग्रिझली बाप दमला. पंधरा मिनिटं कोणी बोली लावली नाही. स्क्रीनवर 'विकली गेली' अशी अक्षरं आली, तेव्हा अर्डिथने चष्मा काढला आणि पदरात घ्यावा तसा स्वेटरच्या टोकात घेऊन पुसत राहिली.

"झालं, आई," ड्युएन मऊ आवाजात म्हणाला. "संपलं एकदाचं."

"सूप गार झालं तुझं," अर्डिथ म्हणाली.

*

त्या आठवड्यात पैसे जमा झाल्याचं मर्लने कळवलं आणि ड्युएन तिला दुकानात घेऊन गेला. तो बाहेर गाडीतच थांबला. रायफल जाताना आईला एकटीला असू द्यावं, असं त्याला वाटलं.

आत मर्ल लांब खोक्यात फोम भरत होता. अलास्कातल्या कुठल्याशा दुकानाचा पत्ता त्याने मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

"मी म्हणत होतोच," तो म्हणाला, "खरं लिहिलं की भाव येतो."

अर्डिथने त्याला ते म्हणू दिलं. रायफल खोक्यात गेली. झाकण लावायच्या आधी तिने त्या पांढऱ्या पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि हात काढून घेतला. मर्लने चिकटपट्टी ओढली. तिचा कर्र आवाज दुकानभर गेला.

"आता काय करणार एवढ्या पैशांचं? माझी मेहुणी बोटीतून फिरायला गेली होती. दिवसातून पाच वेळा जेवायला देतात म्हणे."

"ती खाली काढ," अर्डिथ म्हणाली.

"कोणती?"

तिने डावा हात उचलून वर बोट दाखवलं.

मर्लने आधी छताजवळच्या खुंट्यांकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे, मग तिच्या उजव्या डोळ्याकडे. त्याने आतून शिडी आणली. धूळ उडवत दातांच्या डॉक्टरची रायफल खाली आली आणि काउंटरवर आडवी झाली.

"किंमत?"

"चिठ्ठीवर आहे की."

"चिठ्ठी चार वर्षांची आहे. डाव्या हाताची आहे, मर्ल. येणारा प्रत्येक जण उसासा टाकून जातो. शिवाय डॉक्टरांचे हात केवढे लांब होते, माझी दाढ काढताना मला मिठी मारल्यासारखं वाटलं होतं. कापड भारी आहे, मान्य. पण दुसऱ्याच्या अंगाचा कोट कोण घेतो?"

"मिसेस एच, स्टॅनकी आहे."

"त्यांच्या बायकोने विकली ना तुला? विधवेने? तिला किती दिलेस?"

मर्ल चिकटपट्टीचं टोक शोधू लागला. ते काही केल्या सापडेना.

"मर्ल. बसमध्ये कुत्रा होता का?"

"...अठराशे."

"अडीच हजार देते."

"तीन तरी करा."

"अडीच. आणि जाताना तुझी कॉफी पिऊन जाते."

मर्लने टोपी काढली, आत पाहिलं आणि ती परत घातली. म्हणजे सौदा झाला.

अर्डिथने रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. डावा गाल लाकडावर टेकला. लाकूड थंड होतं. दस्ता लांब होता, टोक काखेत अडत होतं, दुर्बीण हातभर दूर राहत होती. पण बोल्टवर तिचा डावा हात गेला, वर उचलला, मागे ओढला, पुढे लोटला, खाली दाबला, आणि यातलं काही त्याला शिकवावं लागलं नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला. घड्याळाच्या मधोमध ठिपका नव्हता. आकडे होते, काटे होते, आणि दोन काट्यांमधला खिळा होता.

"ड्युएनला माहीत आहे?" मर्लने विचारलं.

"पॉलिश पेपर त्याच्यापासून लांब ठेवायचाय, एवढं मला माहीत आहे."

मर्लने कानावरची पेन्सिल काढली. दस्त्याच्या टोकाशी वाकून त्याने बोटांनी अंतर मोजलं.

"किती?"

"दीड इंच."

पेन्सिलीचं टोक लाकडावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"स्टॅनकीचं लाकूड आहे, मिसेस एच. एकदा कापलं की विकताना भाव येणार नाही."

अर्डिथचा गाल दस्त्यावरच होता. तो तिने उचलला नाही.

"विकतंय कोण?"

मर्लने रेघ मारली आणि करवत शोधायला तो आत गेला.